सत्तावन्नवा पेपर

सव्वीस वर्षं मी विज्ञानाचे पेपर तपासतेय, आणि आता ते कसे तपासावेत हे मला शिकवायला माझ्या मुलाच्या वयाचा प्रशिक्षक आला होता. मूल्यमापन कौशल्यांचं प्रशिक्षण, तीन दिवस, हजेरी सक्तीची. पहिले दोन दिवस मी मागच्या बाकावर बसून डोळे उघडे ठेवण्याचं तेवढं काम केलं.

तिसऱ्या दिवशी त्याने प्रत्येकीपुढे दहा पेपरांच्या झेरॉक्स ठेवल्या. आमच्याच वार्षिक परीक्षेचे पेपर होते, तपासायच्या आधीच काढून ठेवलेले, वरचे नंबर झाकलेले.

"बाई, हे पुन्हा तपासा. मग आधीच्या गुणांशी ताडून बघू."

"अरे, गुणपत्रकावर सह्या झाल्यात. उद्या निकाल आहे."

"म्हणूनच तर आज बघू," तो म्हणाला. गोड बोलून काम करून घेणाऱ्यांपैकी होता.

नऊ पेपरांत एखाद-दुसऱ्या गुणाचा फरक निघाला. दहाव्याला मी चाळीसपैकी सतरा दिले. आधी दिले होते अकरा. पास व्हायला चौदा लागतात. वरचा कागद काढला, तर नंबर सत्तावन्न.

नंबरावरून मुलगी लगेच ओळखली. मागच्या वर्षी ही मुलगी सहामाहीनंतर शाळेत आली, म्हणून तिचं नाव यादीच्या तळाशी घातलं. मग माझ्याच विषयात अडकून त्याच वर्गात राहिली, तेव्हा यंदाही तळाशीच. पुन्हा नापास झाली तर शाळा बंद, हे तिच्या आईने मला तोंडावर सांगितलं होतं. मावशीच्या शिवणकामाच्या दुकानात जागाही ठरली होती.

प्रश्न साधाच होता: वाऱ्यात ओले कपडे लवकर का वाळतात? तिने लिहिलं होतं, 'कपड्याजवळची ओली हवा वारा घेऊन जातो. मग कोरडी हवा येते, ती अजून पाणी ओढते.' आता याहून बरोबर काय लिहायचं असतं? पण त्यात 'बाष्पीभवन' हा शब्द नव्हता. छप्पन्न पेपर संपवून मान आखडलेली मी तेवढाच शब्द शोधत होते. दिसला नाही, शून्य ठोकलं, पुढे गेले. दोन-दोन गुणांचे असे तीन प्रश्न निघाले.

मी झेरॉक्स घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही थकलेलेच होते.

"बाई, चूक कुणाच्या हातून होत नाही? पण एकीचे वाढवले की उद्या सगळे पालक दारात उभे राहतील."

"राहू देत. शेवटचे वीस पेपर मी आत्ताच्या आत्ता परत बघते."

"आणि इतक्या वर्षांचं तुमचं नाव?"

मला भयंकर राग आला, आणि तो त्यांच्यावर नव्हता. "त्या नावाचं काय लोणचं घालू, सर?" मी म्हटलं आणि कपाटाची किल्ली मागितली.

वीस पेपरांत चौघांचे गुण वाढले, पण पास-नापास फक्त एकीचंच बदललं. गुणपत्रकावर अकरा खोडून सतरा केले, बाजूला सही केली.

दुसऱ्या दिवशी ती आईबरोबर आली. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण मला ते ओझं पेलवेना.

"पास झालीस. सतरा गुण आहेत. आधी मी अकरा दिले होते, नीट न वाचता. चूक माझी होती."

आईचे डोळे भरून आले. ती माझे आभारच मानत सुटली, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. मुलगी मात्र हसली नाही.

"बाई, मागच्या वर्षी पण माझा पेपर तुम्हीच तपासला होता ना?"

"हो."

"तेव्हा पण मी शेवटचीच होते. तोही परत बघाल का?"

जुने पेपर दर वर्षी रद्दीत जातात. तो गठ्ठा मी स्वतः बांधून दिला होता. तसं तिला सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. रागावली असती तर मला सोसलं असतं. पुढच्या वर्गाची यादी भिंतीवर लावलेली होती. ती तिथे गेली, खाली वाकली, आणि आपलं नाव तळापासून शोधायला लागली.