कोरोनामुक्त गावाचा ठराव

तुम्हीच सांगा, डोकं फिरणार नाही त काय होईल? भंडाऱ्याले जिल्ह्याची बैठक होती. पुढं कधी साथ आलीच तर तयारी असावी म्हणून सरकारनं पैसा पाठवलेला, अन् कोणत्या आरोग्य केंद्राले काय द्यायचं ते त्या दिवशी ठरणार होतं. आमचे डॉक्टर निम्मा आठवडा डेप्युटेशनवर, म्हणून त्यांच्या खुर्चीवर मी. रत्नमाला. सिस्टर म्हणतात मले. अड्याळच्या पलीकडं आमचं गाव, तिथल्या केंद्रात मी बारा महिने असते. मले एकच गोष्ट पाहिजे होती, ऑक्सिजनच्या खाटा. रंगरंगोटी नको, फलक नको, काही नको.

जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी साहेब यादी वाचत गेले. कोणाले ऑक्सिजनची पाइपलाइन, कोणाले जनरेटर, कोणाले वेगळा वॉर्ड. आमच्या वाट्याले काय? हात धुवाचं बेसिन, अन् हात कसे धुवाचे त्याचे पोस्टर.

मी उभी राहिली. "साहेब, दम लागलेला माणूस आला त त्याले बेसिन दाखवू काय?"

लोक हसले. साहेब नाही हसले. "सिस्टर, निकष वरून आलेत. मागच्या साथीत जिथे रुग्ण जास्त, मृत्यू जास्त, तिथे आधी पैसा. तुमच्याकडे दोन्ही शून्य. तुमचं गाव तर कोरोनामुक्त म्हणून शिल्ड घेऊन गेलं होतं ना? मी होतो त्या कार्यक्रमाला. टाळ्या वाजवल्यात मी."

शून्य म्हणे! त्या उन्हाळ्यात आमच्या सुखरामभाऊले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून आम्ही भंडाऱ्याले निघालो होतो. डोकं माझ्या मांडीवर. पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखा तो तोंड वासून राहिला होता अन् मी नुसती पाठ चोळून राहिली होती, कारण माझ्याजवळ दुसरं काही नव्हतंच. अड्याळ यायच्या आधीच सगळं संपलं. ट्रॉली तिथूनच परत फिरवली.

अन् गावात पोचल्यावर सरपंच भैय्याजीनं सुखरामभाऊच्या बायकोले, मंगलाबाईले, पढवलं, "हार्ट होता म्हना. नाही त बॉडी पन घरी नेता येनार नाही." त्याच भैय्याजीनं दारोदार सांगितलं होतं की नाकात काडी घालू देऊ नका, एक सापडला त सारं गाव सील होईल. मी घसा कोरडा पडेस्तोवर ओरडली. सिस्टरचं ऐकते कोण! तपासणीच नाही त रुग्ण कुठून? सुखरामभाऊची माती झाली, तेरवी झाली, अख्खी वस्ती पंगतीले बसली. त्याच पंगतीत कुंताबाईचा परसराम जेवला अन् काही दिवसांत तोही दम लागून गेला. तरणाताठा पोरगा. हार्ट. सगळेच हार्ट! एवढी कमजोर छाती दुसऱ्या कोणत्या गावाची नसेल.

बैठक उठल्यावर मी साहेबांच्या मागं लागली. शेवटी कंटाळून ते म्हणाले, "ग्रामसभेचा ठराव आणा. कोण गेलं ते घरच्यांच्या तोंडून येऊ द्या, डॉक्टरांची सही घ्या. शुक्रवारपर्यंत आणलात तर पुरवणी यादीत बसवतो."

मी थेट भैय्याजीचं घर गाठलं. आता सरपंच त्याची बायको आहे, पण तिनं जांभई कधी द्यायची तेही भैय्याजीच ठरवते.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, सिस्टर," तो सुपारी कातरत म्हणाला. "कायले उघडाले लावता? म्या गावाची इज्जत राखली."

"इज्जत नाकाले लावून माणूस श्वास घेते काय, भैय्याजी? उद्या तुमच्या नातवाले दम लागला त त्याले तुमच्या शिल्डवर झोपवू?"

नातवाचं नाव काढल्यावर त्याची सुपारी थांबली. "घ्या ग्रामसभा," तो म्हणाला. "पन कोनी तोंड उघडनार नाही. उघडलं त मिशा काढीन."

मी मंगलाबाईकडं गेली. ती धान पाखडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं सूप खाली आपटलं.

"तवा म्हनलं हार्ट सांग, आता म्हनता कोरोना सांग. मी का रेडिओ हावो, ज्यानं त्यानं कान पिळावा?"

"मावशी, मी नव्हतं म्हटलं हार्ट."

"तू नाही. पन आता सांगितलं त कुंता काय म्हनन? माह्या दारात तिचं पोरगं जेवलं. म्या सोता वाढलं त्याले. आग्रह करकरून वाढलं." तिनं तोंडाले पदर लावला. मी तिच्याजवळ बसून राहिली.

ग्रामसभा भरली. एरवी निम्मं गावही येत नाही, त्या दिवशी चावडीत बसाले जागा नव्हती. ग्रामसेवकानं विषय वाचला अन् विचारलं, कोणाचं काही म्हणणं? सगळे आपापल्या चपलांकडं पाहत होते. ज्यांच्या घरून माणूस उचलून नेताना मी सोबत चालली होती, तेही! माझं रक्त असं उसळलं की वाटलं, एकेकाच्या कानाखाली वाजवावी. भैय्याजी मिशीवरून हात फिरवत होता.

तेवढ्यात मंगलाबाई उठली. "माहा बुढा कोरोनानं मेला," ती म्हणाली. "अन् म्या ते लपवून सगळ्यायले जेवाले घातलं. ज्याले शिव्या द्याच्या त्यानं द्या."

मग बायांमधून कुंताबाई उठली.

"मले ठाऊक नसन का वं, मंगला?" ती म्हणाली. "तुह्या बुढ्याच्या दमाचा आवाज माह्या घरापर्यंत येत होता. तरी पोराले जेवाले म्याच धाडलं. मले त्या रोजी चूल पेटवाचा कंटाळा आला होता." मग ग्रामसेवकाकडं वळून म्हणाली, "लिवा. परसराम. माहा पोरगा."

मग काय, बांधच फुटला. कोणी बापाचं नाव सांगितलं, कोणी भावजयीचं, कोणी रडत, कोणी रागानं. काही नावं तर मलेही माहीत नव्हती. घरातल्या घरात गेलेली माणसं, दवाखान्याचं तोंडही न पाहता. सगळ्यात शेवटी भैय्याजीनं घसा खाकरला. "आनंदाबाई लिवा," तो म्हणाला. त्याची माय. म्हातारपणानं गेली म्हणून गावभर सांगितलं होतं त्यानं. मिशा काढा म्हणाची कोणाची हिंमत झाली नाही. माझीसुद्धा नाही.

ठराव झाला, डॉक्टरांची सही झाली. शुक्रवारी मी, मंगलाबाई अन् कुंताबाई सकाळच्या एसटीनं भंडाऱ्याले गेलो. त्या दोघींनीच हट्ट धरला, आम्हीही येतो म्हणून. वाटलं, आता कोणाची माय व्याली आहे आम्हाले नाही म्हणाची!

साहेबांनी ठराव वाचला. परत वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सिस्टर, एवढे? एवढे एकदम दाखवले तर वरून चौकशी लागेल. तेव्हा शून्य कसं कळवलं म्हणून मलाही विचारतील, तुमच्या डॉक्टरांनाही. त्यात फाइल अडकली की वर्षभर विसरा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "असं करा. दोन-तीन ठेवा, बाकीचे काढा. तेवढ्यात तुमचं केंद्र निकषात बसतं. खाटा मी आजच मंजूर करतो."

"काढा म्हणजे?" मी ओरडलीच. "हे माणसं आहेत की तांदळातले खडे? कोणाले काढू, तुम्हीच सांगा!"

"आवाज नको. तुम्हाला खाटा पाहिजेत की नको?"

पाहिजेत. पाहिजेतच ना! त्याच्यासाठीच त एवढी तंगडतोड केली होती. ठराव फेकून बाहेर पडावं, असं हजारदा मनात आलं, पण पाय हलेनात. पुढच्या वेळेस कोणाचं डोकं माझ्या मांडीवर असेल, काय माहीत?

मंगलाबाईनं माझ्या कोपराले हात लावला. तिले सगळं समजलं होतं.

"काढ बाई," ती म्हणाली. "तरन्या पोरायचे ठेव. कुंताच्या परसरामचं ठेव. माह्या बुढ्याचं काढ. एकदा लपवलं, आनखी एकदा."

"नाही वं," कुंताबाई म्हणाली अन् तिनं मंगलाबाईचा हात घट्ट धरला.

साहेबांनी पेन पुढं सरकवला. मी, जी साऱ्या जिल्ह्यात तोंडाळ म्हणून ओळखली जाते, गुपचूप तो घेतला. सुखरामभाऊच्या नावावर रेघ मारली. मग तरणी पोरं सोडून बाकीच्यांच्या.

साहेबांनी सही केली. "अभिनंदन, सिस्टर," ते म्हणाले.