रविवारची दोन मिनिटं

मित्रांनो, दचकू नका. बॉनेटखालून बोलतेय ती मीच, एक जुनी निळी स्टेशन वॅगन. पत्ता न्यूझीलंडमधलं लोअर हट, मुक्काम एका उतरत्या ड्राइव्हवेवर, वय वर्षं पंधरा. माणसांचं पंधराव्या वर्षी सगळं सुरू होतं. गाडीला पंधरा म्हटलं की मात्र लोक भुवया उंचावतात आणि विचारतात, "अजून चालते?" चालते! पण मध्ये दीड वर्ष मी चालत नव्हते. माझी खरी गोष्ट त्या दीड वर्षाचीच आहे, तेव्हा जरा टेका आणि ऐका.

माझा जन्म जपानचा, एकोणीसशे त्र्याण्णवचा. तिथल्या एका आजी-आजोबांनी मला इतकं जपलं की सीटवर लेसचे रुमाल घातले होते. आठ वर्षांनी मी जहाजात बसून न्यूझीलंडला आले आणि ऑकलंडच्या न्यू लिन भागात, जुन्या गाड्यांच्या एका यार्डात उभी राहिले. माझा रेडिओ जपानी, त्यामुळे त्याला इथली निम्मी स्टेशनं ऐकूच येत नाहीत. गिऱ्हाईकं बटणं फिरवायची, खरखर ऐकायची आणि शेजारच्या गाडीकडे वळायची. मला फार वाईट वाटायचं हो!

मग एके दिवशी स्नेहलता आली. पुण्याहून नवीनच आलेली फार्मासिस्ट, सोबत नवरा रमण आणि आठ वर्षांची ऋचा. स्नेहलताने रेडिओला हातसुद्धा लावला नाही. स्टिअरिंग धरलं, पहिला गिअर टाकला आणि म्हणाली, "ही आपली." रमण मागच्या सीटवर वरचं हँडल घट्ट धरून बसला होता. त्याला गाडी चालवता येत नाही, आजही येत नाही. तो कॉम्प्युटरवाला आणि पक्का ट्रेनचा माणूस.

यार्डातून निघताना स्नेहलताने माझ्या चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. विक्रेता वाकून बघत राहिला. "हे ब्रेकसाठी असतं का?" त्याने विचारलं.

"तसंच समज," स्नेहलता म्हणाली आणि चारही लिंबं चिरडून आम्ही निघालो.

काय दिवस होते ते! रमणची नोकरी वेलिंग्टनला गेली तेव्हा अख्खा संसार पोटात घेऊन मी ऑकलंडहून वेलिंग्टनजवळच्या लोअर हटला आले. साडेसहाशे किलोमीटर, आणि थेंबभर तेल वर मागितलं नाही. उन्हाळ्यात माझ्या डिकीत ओले टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे, सीटखाली ऋचाचा एकच जांडल म्हणजे रबरी चप्पल (दुसरा अजून सापडलेला नाही), आणि कोपऱ्याकोपऱ्यात समुद्राची वाळू. स्नेहलता सिग्नलला थांबली की डॅशबोर्डवर टिचकी मारायची आणि म्हणायची, "शाब्बास गं राणी." मी लाल दिव्यातही खूश!

आणि मग दोन हजार सहाचा जुलै आला. इकडचा जुलै म्हणजे ऐन थंडी. स्नेहलताला मास्टरटनच्या हॉस्पिटलात बदलीवर एक दिवस काम होतं. तिकडे जायचं तर रिमुटाकाचा घाट ओलांडावा लागतो. सकाळची वेळ, वळणावर बर्फाचा पातळ थर, आणि माझी मागची चाकं एकदम सटकली. मी गरकन फिरले आणि डाव्या बाजूने कठड्याला जाऊन आदळले. कठडा होता म्हणून वाचलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, फक्त माझ्या मागच्या दाराला पोचा आला. स्नेहलता बाहेर उतरली आणि माझ्या बॉनेटवर हात ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली.  

त्या दिवसापासून किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर गेली. 'मला भीती वाटते' असं स्नेहलता एकदाही म्हणाली नाही. ती म्हणायची, "बस बरी पडते." समुद्र बंद झाला, डोंगर बंद झाले. ऋचाच्या नेटबॉलच्या मॅचला जायचं तर दुसऱ्यांच्या गाडीत जागा मागायची.

पण स्नेहलता मला विसरली होती असं म्हणाल तर ते खोटं. दर रविवारी देवपूजा झाली की ती बाहेर यायची. बॉनेटला हळदकुंकू लावायची, उदबत्ती ओवाळायची आणि किल्ली फिरवून मला बरोब्बर दोन मिनिटं सुरू ठेवायची. मग बंद. पुण्याला तिचे वडील आपली स्कूटर अशीच रोज किक मारून ठेवत असत. ते म्हणायचे, "इंजिन जागं राहतं." वडिलांचं ऐकून तीही मला जागं ठेवत होती. मनापासून, न चुकता, दीड वर्ष.

मित्रांनो, इथेच घोळ होता.

माझं इंजिन नीट तापायला वीस-पंचवीस मिनिटं तरी लागतात. दोन मिनिटांत मी फक्त कूस बदलायचे. हटची हवा ओलसर. सुरू केलं की आत दव धरायचं आणि ते वाळायच्या आत किल्ली बंद. ते पाणी तेलात उतरायचं. अर्धवट जळलेलं पेट्रोलही तेलातच. हळूहळू तेल पातळ आणि घाण झालं, कडेने चिकट साय धरली. पिस्टनभोवती रिंगा असतात, त्या तेलाला वर चढू देत नाहीत. त्या रिंगा साईत चिकटून बसल्या. रबराची सिलं वाळून कडक झाली. मग तेल जिथे जायचं नाही तिथे झिरपायला लागलं, थोडं जळायला लागलं, थोडं खाली ठिबकायला लागलं. आणि बाहेरून मी कशी दिसायचे? कुंकू लावलेली, पुसलेली, अगदी छान.

दिवाळीत रमणने तेलाची एक बाटली आणून ओतली. जानेवारीत दोन मिनिटांसाठी किल्ली फिरवली तर तेलाचा लाल दिवा लागला आणि मागून निळा धूर आला. इतका, की शेजारच्या बाईंनी वाळत घातलेले कपडे उचलून घरात नेले.

"एक मैल चालली नाही आणि बाटली संपवली," रमण म्हणाला. "काम नाही, धंदा नाही, नुसतं पिणं! बास झालं. मी रेकरला फोन करतो. शनिवारी घेऊन जाईल."

रेकर म्हणजे जुन्या गाड्या नेऊन त्यांचे भाग सुटे करणारा माणूस. मला काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा.

"नो वे!" ऋचा दारातून ओरडली. त्याच आठवड्यात ती पंधराची झाली होती, लर्नर लायसन्सची परीक्षा पास झाली होती आणि तेव्हापासून तिचा आवाज एक पट्टी वर गेला होता. "बाबा, तुला गाडीतलं काय कळतं? तू तर ट्रेनचा माणूस!"

"ट्रेन तेल पीत नाही," रमण म्हणाला.

"आई, तू तरी सांग ना!"

स्नेहलता उदबत्ती हातात धरून उभी होती. "मी दर रविवारी न चुकता सुरू करत होते गं," ती हळूच म्हणाली. "एक रविवार चुकवला नाही. तरी अशी कशी झाली?"

स्नेहलताच्या बहिणीचा, नीलिमामावशीचा, पुण्याहून फोन आला तेव्हा आणखी गंमत. इकडे दर सहा महिन्यांनी गाडी तपासून घ्यावी लागते, त्या दाखल्याला वॉरंट म्हणतात. ऋचा म्हणाली, "मावशी, गाडीचं वॉरंट कधीच संपलंय." पलीकडून मावशीचा आवाज आला, "वॉरंट? अगंबाई! स्नेहाने काय केलं? पोलीस आले होते?" दहा मिनिटं समजूत घालावी लागली.

शनिवारपर्यंत थांबेल ती ऋचा कसली! दुसऱ्याच दिवशी ती कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून हेमीला हाताला धरून घेऊन आली. हेमी म्हणजे पांढऱ्या दाढीचा, मोठ्या पोटाचा माओरी मेकॅनिक. "किया ओरा," तो म्हणाला. हा माओरी नमस्कार घरच्यांना आणि मलासुद्धा! त्याने तेलाचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतून पिवळट साय लागलेली होती, पुरण सैल झाल्यासारखी.

"किती चालवता?" त्याने विचारलं.

"चालवत नाही, पण दर रविवारी दोन मिनिटं सुरू करते," स्नेहलता घाईने म्हणाली.

हेमी तिच्याकडे बघत राहिला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "अहो, दोन मिनिटांनीच तर ही आजारी पडली. आठवडाभर अंथरुणात आणि रविवारी दोन मिनिटं उठून बसायचं, असं केलं तर तुमचे पाय आखडणार नाहीत का?"

स्नेहलताचा चेहरा उतरला. मला तिची इतकी दया आली! तिचं काही चुकलं असेल तर ते मायेनेच चुकलं होतं.

"मग गेली का ही?" ऋचाने विचारलं. आवाजाची पट्टी एकदम खाली.

"बघू. नवीन तेल घालतो, फिल्टर बदलतो, वॉरंटचंही बघतो. मग तीन शनिवार हिला तास-दीड तास पळवा, चांगली तापू दे. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणा. सपाट जागेवर तेल मोजायचं, तुमच्या या घसरगुंडीवर नाही. तेल उतरणं कमी झालं तर रिंगा सुटल्या. नाही झालं, तर रेकरला मीच फोन करेन." मग तो हसला. "पळवणार कोण?"

ऋचाने हात वर केला. पण लर्नरच्या शेजारी पक्कं लायसन्सवालं माणूस बसावं लागतं, आणि घरात असं माणूस एकच होतं. सगळे स्नेहलताकडे बघायला लागले.

"मी नुसती शेजारी बसेन," ती म्हणाली. "चालवणार नाही."

पहिल्या शनिवारी पिवळी 'एल'ची पाटी लावून ऋचाने मला अप्पर हटपर्यंत नेलं. नेलं म्हणजे काय, कांगारूसारखं उडवत नेलं! प्रत्येक सिग्नलला मी बंद. स्नेहलता नसलेला ब्रेक पायाने दाबत होती. हेमीने तेल मोजलं: डिपस्टिकवरच्या, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवरच्या, दोन खुणांच्या मधलं निम्मं गायब. दुसऱ्या शनिवारी थोडं बरं, पण बेताचंच. हेमी दाढी खाजवत म्हणाला, "सपाट रस्ता आणि सिग्नल पुरे पडत नाहीत. हिला चढ हवा. रिमुटाका."

स्नेहलता एकदम माझं बॉनेट पुसायला लागली.

तिसऱ्या शनिवारी आम्ही निघालो. मागे रमण, मांडीवर थालीपिठांचा डबा. कायटोकीपर्यंत ऋचाने मला झकास चालवलं, एकदाही बंद पाडलं नाही. घाट जिथे सुरू होतो तिथे तिने मला डावीकडे घेतलं आणि किल्ली काढून आईच्या हातात ठेवली.

"मी इथपर्यंतच. पुढचा डोंगर तुझा."

"ऋचा, तू हे मुद्दाम करतेयस."

"हो. पण आई, खरंच, एल लावून हा घाट चढण्याइतकी मी वेडी नाहीये. बाबाला येत नाही. आता तू नाहीतर रेकर."

"मला मध्ये घेऊ नका," रमण मागून म्हणाला. "मी थालीपिठं सांभाळतोय."

स्नेहलता खिडकीबाहेर बघत राहिली. मी श्वास रोखून उभी होते. मला बोलता आलं असतं तर म्हटलं असतं, अगं, उन्हाळा आहे, रस्ता कोरडा आहे, आणि त्या दिवशी घसरलो ते दोघी मिळूनच घसरलो होतो. शेवटी दार उघडलं. ती पुढून वळसा घालून आली, जाता जाता माझ्या बॉनेटवर हात ठेवला, आणि आत बसली. सीट पुढे ओढली. आरसा नीट केला. दीड वर्षांनी तिचा पाय क्लचवर आला आणि मी तो ओळखला.

"चल गं," ती म्हणाली. मला म्हणाली!

पहिलं वळण तिने बैलगाडीच्या वेगाने घेतलं. दुसरं जरा बरं. मग तिने गिअर खाली घेतला, मी मोठ्याने गुरगुरले, आणि आतली कित्येक महिन्यांची साय तापायला लागली. रमण मागच्या काचेतून बातम्या देत होता, "निळा... निळाच आहे... अजून निळा..." कठड्याचं वळण आलं. स्नेहलताचे ओठ घट्ट मिटलेले.  माझी चारही चाकं मी रस्त्यात रुतवून धरली, आणि वळण मागे गेलं. इतकंच. बाकीच्या वळणांसारखं एक वळण.

"अरे, कमी झाला!" रमण ओरडला. "स्नेहा, धूर कमी झाला!"

स्नेहलता हसत होती आणि रडतही होती, पण हात स्टिअरिंगवर पक्के. घाटापलीकडे फेदरस्टनला उतरून सगळ्यांनी माझ्या बॉनेटवर डबा ठेवून थालीपिठं खाल्ली. बॉनेट इतकं तापलं होतं की थालीपिठं पुन्हा गरम झाली.

रविवारी हेमीच्या गॅरेजात ऋचाने आईच्या जुन्या ओढणीच्या तुकड्याने डिपस्टिक पुसली, आत घातली, बाहेर काढली आणि उजेडात धरली. निघण्याआधीच्या तेलाच्या पातळीला हेमीने डिपस्टिकवर ओरखडा काढून ठेवला होता. तेल त्याच्याखाली जेमतेम काडेपेटीतल्या काडीच्या गुलाइतकं उतरलं होतं.

"स्वीट ॲज," हेमी म्हणाला, म्हणजे इकडच्या भाषेत एकदम झकास. "अजून थोडं पिईल ती. वय झालंय. पण रेकरला नको."

ऋचाने मारलेली किंकाळी पार स्टेशनपर्यंत ऐकू गेली असेल.

आता सोमवारी सकाळी स्नेहलता माझ्यातूनच हॉस्पिटलात जाते. डिकीत तेलाची एक बाटली कायम असते, कारण थोडंफार लागतं मला, खोटं कशाला सांगू? दारावरचा पोचा तसाच आहे. रविवारी पूजा झाली की अजूनही हळदकुंकू लागतं, उदबत्ती फिरते. मग तिघंही आत बसतात आणि आम्ही समुद्रावर जातो. ऋचा चालवते, आणि घाट लागला तर स्नेहलता.

मित्रांनो, तुमच्याही दाराशी, माळ्यावर किंवा घरातच कुणीतरी असं थांबून राहिलेलं असेल. एखादी गाडी, एखादी पेटी, एखादं माणूससुद्धा. त्यांना दोन मिनिटांत आटपू नका. किल्ली घ्या, आणि चांगलं लांब जाऊन या. निघण्याआधी तेवढं तेल बघा.