उजेडाकडे धरलेलं पाकीट

"पत्र आज पाठवू नका," सर म्हणाले. "आधी त्या बाईंना येऊन जाऊ द्या."

तेवीस वर्षं मी सरांची पत्रं टाइप करतेय. त्यांचं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागत नाही. संस्थेच्या मंडळाला लिहिलेलं हे कबुलीचं पत्र दोनदा वाचलं आणि वाटलं, मलाही लागलं नसतं तर बरं झालं असतं.

सव्वीस वर्षांपूर्वी सर कॅन्सरच्या एका नव्या औषधाची चाचणी घेत होते. कुणाला नवं औषध द्यायचं, कुणाला जुनं, हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवायची. पाकिटं नंबरवार लावलेली. आत काय आहे ते डॉक्टरांनीही आधी बघायचं नाही. त्यातच सरांची सख्खी मोठी बहीण त्याच कॅन्सरने आजारी पडली आणि चाचणीत दाखल झाली. सरांनी तिचं पाकीट खिडकीतल्या उजेडाकडे धरलं. आत 'जुनं' होतं. त्यांनी ते गुपचूप खाली सरकवलं आणि ताईला पुढचं, 'नवं' असलेलं दिलं. ताईचं पाकीट तिच्यामागून आलेल्या या बाईंना मिळालं.

नव्या औषधाने हृदय खराब होतं, हे वर्षभराने कळलं. ताई त्याआधीच हृदय बंद पडून गेली. हा धोका सगळ्यांत आधी दाखवून दिला म्हणून सरांचं नाव झालं. विभागप्रमुख झाले, मग संस्थेचे संचालक. येत्या शुक्रवारी त्यांचा निरोप समारंभ होता. भाषणं मीच टाइप केली होती, आणि झाडून सगळ्यांत 'सचोटी' हा शब्द होता.

बाई अकराला आल्या. दरवर्षी तपासणीला येतात, ठणठणीत असतात. संचालक झाल्यावरही सरांनी हा एक पेशंट दुसऱ्या कुणाकडे सोपवला नाही. त्या आल्या की सर कावरेबावरे व्हायचे, म्हणून ऑफिसात आम्ही त्यांना 'सरांच्या सासूबाई' म्हणायचो.

सरांनी मला थांबवून घेतलं आणि बाईंना सगळं सांगितलं. ताई छत्तीस वर्षांची होती, हेही. मग म्हणाले, "तुमचे केस पांढरे व्हायला लागले तेव्हा वाटलं, तिचेही आता झाले असते. तुम्ही आलात की मला तीच दिसते."

मला वाटलं, बाई आता थोबाडीत देतील, नाहीतर माफ करतील. सरांना दोन्ही चाललं असतं.

"म्हणून तुम्ही तसं बघायचात?" त्या म्हणाल्या.

"कसं?"

"रिपोर्ट चांगला आहे म्हणायचात, पण चेहरा पडलेला. मला वाटायचं, दुखणं उलटलंय आणि हे लपवतायत. दरवर्षी घरी जाऊन आवराआवर करायचे मी. धाकटीचं लग्नसुद्धा त्याच भीतीने घाईघाईत उरकलं."

सरांनी खुर्चीची पाठ धरली. त्यांना हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तर हसत होते. मला माझीच लाज वाटली.

बाईंनी रिपोर्ट त्यांच्या पुढ्यात सरकवला. "आता सांगा. तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघून सांगा."

सरांना पहिल्यांदा जमलं नाही. चष्मा पुसून पुन्हा लावला, आणि म्हणाले, "तुम्ही बऱ्या आहात."

"कधीपासून?"

"पंचवीस वर्षं झाली."

बाई मटकन खाली बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. सर उभेच राहिले.