दगडाला फुटलेला पान्हा

"फुटला! पान्हा फुटला!" गुहेत एकच गलका उठला. ढोल घुमत होते आणि छतातून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यावरून पांढरे थेंब पंथाचा गुरू शेफर्ड बर्चेलच्या वाटीत टपटपत होते. बायकांनी धडाधड गुडघे टेकले.

"चाखा! गोड लागतं ना?" शेफर्ड गरजला. "ही तुमच्याच अंगातली साखर! दगडानं ओढून घेतलीय!"

वा रे शास्त्र! दवाखान्यातली नर्स नोर्डा मागे उभी धुमसत होती. तिच्या इसिल्डामावशीनं तीन आठवड्यांपूर्वी मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या होत्या. पायाची जखम काळी पडत चालली होती, आणि बाई रोज वाटीभर दूध पीत होती.

"मावशी, अगं, दगडानं साखर ओढली, तर तीच परत कशाला पितेस?"

"तू गप गं! जन्मभर सेरसीच्या पाल्याचा कडू काढा पिऊन जीभ मेली माझी. कडूनं गेली का साखर? मग आता गोडानं जाईल!"

नोर्डानं कपाळावर हात मारला. तेवढ्यात तिला सुळक्यावर मुंग्यांची रांग दिसली. चुन्याच्या पाण्याला मुंग्या? ती तडक बाहेर पडली आणि काटेरी झुडपांतून टेकडीवर चढली.

वर शेफर्डचा मेहुणा लेबर्ट पालथा पडून खडकाच्या फटीत किटली ओतत होता. शेजारी गोड दुधाचे रिकामे डबे. नोर्डाला बघताच तो किटली टाकून पळाला.

ती फटीत तोंड घालून ओरडली, "मावशी!"

"आकाशवाणी!" खालून हुंदके आले.

"आकाशवाणी कसली डोंबलाची! मी नोर्डा! लेबर्ट इथनं डब्याचं दूध ओतत होता!"

"सैतान बोलतोय!" शेफर्ड किंचाळला.

"बरं, ढोलानं पान्हा फुटतो ना? मग ढोल थांबवा. मी ओतते. थांब म्हणालात की थांबते."

ढोल थांबले. तरी धार लागली. कुणी "थांब" म्हणालं, धार थांबली. "ओत" म्हणालं, सुरू झाली. शेफर्ड वाटी टाकून कधी सटकला, कळलंही नाही.

नोर्डा खाली आली. "झिरपणारं पाणी थेंबाथेंबानं चुना ठेवत जातं, त्याचा हा सुळका. हजारो वर्षं लागलीत त्याला. त्याला ना दूध येतं, ना तुमची साखर कळते. पुढच्या वेळी आधी वर चढून बघा, मग गुडघे टेका!"

मावशी पायाकडे बघत होती. "पाय वाचेल का गं?"

नोर्डाला खोटं बोलवेना. "माहीत नाही, मावशी. तीन आठवड्यांपूर्वी नक्की वाचला असता. ऊठ, चल."