काढून टाकलेली भाषा

मित्रांनो, डार्मश्टाट शहरात तिसऱ्या मजल्यावर एक लहान स्वयंपाकघर आहे. तिथे सुतळी आणि जुन्या किल्ल्या ठेवायच्या खणात जो टॅब पालथा पडला आहे, तो मी. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे. बॅटरी फुगल्यामुळे मागचे झाकण नीट बसत नाही. खालच्या मजल्यावरचे चारुदत्तकाका मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहेत. त्यांनी मला हातात घेऊन बजावले, "याला आता चार्जिंगला लावू नका, धोका आहे." शनिवारी मला भंगार यंत्रांच्या केंद्रावर नेऊन देणार आहेत.

त्याआधी मला दारिनाची गोष्ट सांगायची आहे. माझी अशी वेगळी गोष्ट नाहीच.

कारखान्यातून बाहेर पडतो तेव्हा आमच्या पोटात जगातल्या शंभरएक भाषा झोपलेल्या असतात. मालक ज्या भाषेवर बोट ठेवतो, ती जागी होते. मी विकला गेलो युक्रेनमध्ये, नीप्रो नदीकाठच्या एका छोट्या शहरात. ते महामारीचे वर्ष होते. शाळा बंद होत्या. हालीना नावाची बाई पावाच्या कारखान्यात काम करत असे. तिने पहिलीत गेलेल्या मुलीसाठी, दारिनासाठी, मला घेतले. तिने युक्रेनियन भाषेवर बोट ठेवले आणि मी कामाला लागलो.

ते माझे चांगले दिवस होते. रोज सकाळी माझ्या काचेवर सव्वीस चौकोन उघडत. कुणी बिस्किट खात असे, कुणी टेबलाखाली गेलेले असे. निना स्तेपानिव्हना नावाच्या बाई शिकवत. त्यांच्या भाषेत डोक्यावर दोन टिंबे असलेले एक अक्षर आहे. शेजारच्या रशियन भाषेत ते नाही. बाई ते अक्षर हळूहळू काढून दाखवत आणि दारिना जीभ बाहेर काढून वहीत गिरवत असे. तास संपला की ती बाहीने माझी काच पुसायची.

दारिना दुसरीत असताना युद्ध सुरू झाले. आठवड्याभरात शहरात रशियन सैन्याच्या गाड्या आल्या आणि त्या परत गेल्या नाहीत.

सप्टेंबरात शाळा उघडली. इमारत तीच, बाक तेच. वाचनालयातली जुनी पुस्तके दोरीने बांधून ट्रकमध्ये भरली गेली. नवी पुस्तके आली, सगळी रशियन. नकाशाही नवा आला. त्यात शहर तिथेच होते, पण त्याचा रंग बदलला होता. निनाबाईंनी नव्या सत्तेच्या कागदांवर सही केली नाही. त्या नदीपलीकडे, युक्रेनच्या ताब्यातल्या भागात निघून गेल्या.

हालीनाने महिनाभर मुलीला घरीच ठेवले. मग दोन माणसे आली. ती ओरडली नाहीत. त्यांतला एक म्हणाला, "मुलगी शाळेत का येत नाही? तुम्हाला सांभाळणं जमत नसेल, तर मुलांसाठी दुसऱ्या जागा आहेत."

दुसऱ्या दिवशी दारिना शाळेत गेली.

मित्रांनो, रशियन तिला परकी नव्हती. बाजारात, जिन्यात, निम्मे शहर ती बोलत असे. आधी ती नुसती एक भाषा होती. आता ती हजेरी झाली. सकाळी शाळेत दारिना रशियन बोले. दुपारी हालीना मला न्हाणीघरात नेई, कपडे धुण्याचे यंत्र चालू करी आणि दार लावून घेई. यंत्राच्या आवाजाआड निनाबाईंचा तास चाले. आता चौकोन पाचच होते. सगळ्यांचे कॅमेरे बंद. नावांच्या जागी एकेक अक्षर. बाई प्रश्न विचारत आणि मुले कुजबुजत उत्तर देत.

एकदा सकाळच्या शाळेत शुद्धलेखन लिहिताना दारिनाच्या हातून दोन टिंबांचे ते अक्षर वहीत उतरले. तिथल्या नव्या बाईंनी ते पाहिले. त्या पूर्वी त्याच शाळेत गाणे शिकवत. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, वाकून स्वतःच्या नखाने ती टिंबे खरवडून काढली आणि पुटपुटल्या, "घरी सांगू नकोस. इथंही नको." कागदाला भोक पडले. दारिनाने घरी येऊन सांगितले नाही. ते भोक मला दिसले, कारण हालीना रोज वह्यांचे फोटो माझ्यात साठवत असे; बाकीचे दारिनाने खूप पुढे सांगितले.

पुढच्या उन्हाळ्यात त्या दोघी निघाल्या. रस्ता एकच उघडा होता, रशियातून लांबचा वळसा घालून. आदल्या दिवशी हालीनाने मला मांडीवर घेतले. निनाबाईंचे तास तिने पुसले. वह्यांचे फोटो पुसले. शेवटी कीबोर्डच्या यादीत जाऊन युक्रेनियन भाषा काढून टाकली. दुखले का, असे तुम्ही विचाराल. नाही. काहीच वाटले नाही.

सरहद्दीवर एका तरुण शिपायाने मला उघडून वरखाली सरकवून पाहिले. मग त्याने दारिनाला विचारले, "घरी कुठली भाषा बोलता?"

"रशियन," दारिना म्हणाली.

"आणि ती दुसरी? येते का?"

"नाही. मला आवडत नाही ती."

तिचे उच्चार स्वच्छ होते. शिपाई हसला. त्याने मला परत दिले. बस हलल्यावर हालीनाने मुलीचा हात दाबला आणि म्हणाली, "शाब्बास."

त्यानंतर दारिना बोलली नाही. त्या दिवशी नाही, लाटव्हियात नाही, पोलंडमध्ये नाही, आणि डार्मश्टाटला आल्यावरही नाही.

इथे तिला इंटेन्झिव्हक्लासेत घातले. नव्याने आलेली मुले त्या वर्गात जर्मन शिकतात. माझ्यात आता जर्मन भाषा जागी झाली. दारिना शब्द सुबक लिहायची. चुकायची नाही. पण हजेरीला फक्त हात वर करायची. आईशी मान हलवून भागवायची. हालीना हॉटेलच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करायची, संध्याकाळी सहाला परत यायची आणि जेवण झाले की दोघी गप्प बसायच्या. शिवी नाही, रडणे नाही. असे आठ महिने गेले.

एकदा हालीना टपालपेटीपाशी एक पत्र उलटसुलट करत उभी होती. खालच्या मजल्यावरच्या मीनलकाकूंनी ते पाहिले आणि तिथेच वाचून सोप्या जर्मनमध्ये समजावले. मीनलकाकू म्हणजे चारुदत्तकाकांच्या पत्नी; पुण्याच्या, इथे सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. त्यांची अन्वी दारिनाच्याच वयाची. अन्वीची आजी, शोभनाताई, तीन महिन्यांसाठी इथे आल्या होत्या. तेव्हापासून हालीना येईपर्यंत दारिना त्यांच्याकडे बसू लागली. दप्तरातून मीही जात असे.

शोभनाआजींनी तीस वर्षे पोस्टाच्या काउंटरवर काढली होती. गप्प बसणे त्यांना ठाऊकच नव्हते. जर्मन त्यांना येत नव्हते, म्हणून त्या दारिनाशी सरळ मराठीत बोलत. "बघ गं, ही काय मेथी म्हणायची? नुसता पाला. आणि पैसे मात्र सोन्याचे."

अन्वी घरात मराठी ऐकते, पण उत्तर जर्मनमध्ये देते. ती वैतागून म्हणाली, "आजी, झी फेरश्टेट डिष निष्ट!" म्हणजे, तिला तुझे कळत नाही.

"न कळू दे," आजी म्हणाल्या. "मी कुठं उत्तर मागतेय?"

पंधरा दिवसांनी एका दुपारी आजी दारिनाच्या ताटलीत तिसऱ्यांदा उपमा वाढायला निघाल्या. दारिनाने ताटलीवर हात धरला आणि म्हणाली, "पुरे."

अन्वीचा चमचा हातातच राहिला. आजींनी मात्र मोठेसे काही केले नाही. "बरं, पुरे तर पुरे," म्हणाल्या आणि पातेले झाकले.

मार्चमध्ये शाळेचे पत्र आले. मूल बोलत नाही, सूचनांना प्रतिसाद देत नाही, तेव्हा तिला फ्योर्डरशूलेत हलवावे का, हे तपासायचे होते. ज्या मुलांना नेहमीचे शिक्षण झेपत नाही असे ठरते, त्यांची ती शाळा. मीनलकाकूंनी पत्र दोनदा वाचले. हालीनाला सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. हालीना फक्त म्हणाली, "वर्गात पहिली यायची." तपासणीच्या दिवशी दारिनाने शोभनाआजींच्या कोटाची बाही धरली ती सोडेना. तेव्हा मीनलकाकू म्हणाल्या, "आई, तुम्हीपण चला."

खोलीत पिकल्या केसांच्या एक तपासनीस बाई होत्या, आणि शाळेने सोयीसाठी बोलावलेला दुभाषी. तो बिचारा सज्जन होता. त्याने हसून दारिनाला रशियनमध्ये नाव विचारले.

दारिनाचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला. दुभाष्याने चित्रे दाखवली. आकडे विचारले. काही नाही. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिले. पुन्हा विचारले, पुन्हा लिहिले. हालीना आपल्या हातांकडे पाहत बसली.

"तोंड सुकलंय पोरीचं," शोभनाआजी एकदम म्हणाल्या. "पाणी हवंय का गं?"

"हवं," दारिना म्हणाली.

बाईंचे पेन थांबले. "ही कोणती भाषा?"

"मराठी," मीनलकाकू म्हणाल्या. "आमची. भारतातली."

"ही बोलते? तुमची भाषा बोलते आणि—"

"आम्ही तिला त्या भाषेत कधी जाब विचारला नाही," मीनलकाकू म्हणाल्या.

बाईंनी दुभाष्याकडे पाहिले. त्याला समजले. त्याने कोट उचलला आणि दार हळू लावून बाहेर गेला. दारिनाने पाणी संपवले. मग तिने मला दप्तरातून काढले आणि कीबोर्डची यादी उघडली. ती खाली सरकत गेली, एका नावावर थांबली आणि तिने बोट टेकवले.

मित्रांनो, इतक्या दिवसांनी माझ्या काचेवर ती अक्षरे उमटली. दारिना एका बोटाने लिहीत होती. मग तिने भाषांतराची खूण दाबली आणि मला टेबलावरून बाईंकडे सरकवले. जर्मनमध्ये असे उमटले होते: "मला बोलता येते. रशियनमध्ये मी एकदा खोटे बोलले. मला त्या भाषेत काही विचारू नका."

बाईंनी ते दोनदा वाचले. "आल्झो," म्हणजे "असं तर," एवढेच म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावले.

परतताना ट्राममध्ये हालीना मुलीच्या शेजारी बसली. तिने युक्रेनियनमध्ये विचारले, "माझ्याशी तरी का बोलली नाहीस?"

दारिना खिडकीबाहेर पाहत होती. तिचा आवाज न वापरलेल्या बिजागरीसारखा आला. "तू शाब्बास म्हणालीस."

दोन थांबे गेले. "मी घाबरले होते," हालीना म्हणाली.

"मीपण."

एवढेच. त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत.

दारिनाला त्याच वर्गात आणखी एक वर्ष मिळाले. एप्रिलमध्ये शोभनाआजी पुण्याला परतल्या. आता दारिना सहावीत आहे. शाळेने तिला नवा लॅपटॉप दिला आहे. जिन्यात अन्वीशी ती जर्मनमध्ये भांडते. आईशी युक्रेनियन बोलते, थोडे, अडखळत. शुद्धलेखनात चुकते. निनाबाईंचा वर्ग बंद पडला. तिकडून रोज जोडली जाणारी मुले एकेक करून कमी झाली. तिकडची शाळा मात्र भरते, आणि बाकांवर मुले बसतात. रशियन दारिना बोलत नाही. पुढे कधी बोलेल का, ते मला माहीत नाही.

मी शनिवारी जाणार. माझ्यातून काही काढून ठेवायची गरज नाही. जे होते, ते आता तिच्याजवळ आहे. तुमच्या वर्गात एखादे मूल गप्प बसले असेल, तर त्याला मठ्ठ समजू नका, आणि लाजाळू म्हणून सोडूनही देऊ नका. त्याला "बोल" म्हणण्याआधी एकदा आजूबाजूला पाहा. ते कुणासमोर बसले आहे, एवढे पाहा.