वाचनालयाचं दार

दाजी आणि मेहुणा मिळून इमारतींचे आराखडे काढत. कचेरी होती ताईच्या दिवाणखान्यात, आणि भांडणं रस्त्यापर्यंत ऐकू जायची. दाजींना उठसूट मनोरा हवा. मेहुण्याला हव्या खिडक्या. वीज शहरात नुकती कुठे येत होती, आणि अंधारात बसून कोण वाचणार? पण एक अडेलतट्टू, तर दुसरा त्याचा बाप.

नव्या वाचनालयावरून प्रकरण हातघाईवर आलं आणि पैज लागली. एकाच कागदावर डावा अर्धा भाग दाजींनी काढायचा, उजवा मेहुण्यानं. समिती ज्याचा पसंत करील तो राहील, दुसऱ्यानं कचेरी सोडायची.

"दोघंही सोडा, मला माझा दिवाणखाना तरी मिळेल," ताई म्हणाली. एकाची बायको, दुसऱ्याची बहीण. बिचारीचं इकडे आड, तिकडे विहीर.

लांब टेबलाच्या दोन टोकांना बसून, अबोला धरून, दोघांनी कागद पुरा केला.

समितीपुढे तो उलगडला. आपण जिंकलो तरी दाजी जाणार, हे मेहुण्याच्या डोक्यात आत्ता शिरलं. पेन्सिल धरायला शिकवलं ते दाजींनीच. रागाच्या भरात हे काय करून बसलो, असं त्याला झालं.

"मनोरा झकास," अध्यक्ष म्हणाले. "खिडक्याही झकास. आहे तस्संच बांधू की अख्खं."

मेहुण्याला आनंदानं उडी मारावीशी वाटली.

"फक्त एक सांगा. लोकांनी आत शिरायचं कुठून?"

दोघं घाईघाईनं कागदावर वाकले. दार यायचं बरोबर मधोमध, आणि तिथे कोरी भिंत. दारं नेहमी मेहुणा काढतो म्हणून दाजींनी ते त्याच्यावर सोडलेलं; मुख्य दार मोठ्यांचा मान म्हणून मेहुण्यानं दाजींवर. समितीत हशा पिकला.

"दार हा काढेल," दाजी शांतपणे म्हणाले. "माझ्याकडे दारं हाच काढतो."

मेहुण्याला भरून आलं. त्यानं तिथल्या तिथे उजवी चौकट काढली आणि पेन्सिल दाजींच्या हातात दिली. दाजींनी डावी काढली, जरा उंचच.

"खाली घ्या, दाजी."

"तू वर घे."

आणि समितीसमोरच दोघांची जुंपली.