पायाने लोटलेलं शेवाळ
त्या घरात समुद्रातल्या शेवाळाला नाव पडायचं ते त्याचा उपयोग शोधणाऱ्याचं. दूध घट्ट करणारं आजेसासूबाईंचं, वाफ्यांत खत म्हणून पुरायचं ते काकांचं. नव्या सुनेला याचं भारी कौतुक. त्यांत आपलं नाव लागणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं!

एका दुपारी बर्फ संपला, तेव्हा तिने सगळे पायाने लोटायचे ते बुळबुळीत शेवाळ मासळीभोवती ओलंच गुंडाळलं.

"अगं, खायच्या मासळीला कचरा गुंडाळतेस?" सासूबाई कडाडल्या.

संध्याकाळी त्यांनी मासळीचे कल्ले उघडून पाहिले. लालभडक! मासळी अजून ताजीच होती.

सकाळी किनाऱ्यावर शेजारणीने तेच शेवाळ पायाने लोटलं, तशा सासूबाई ओरडल्या, "पाय काढ! सूनबाईचं आहे ते."